स्वयंपाकघरातली साठवण: आधी डबे मोजा, मग कपाटं आखा

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. घोडबंदर रोडला वाघबीळ, कासारवडवली भागात नव्या सोसायट्यांच्या किल्ल्या हातात पडत आहेत. नवी मुंबईत वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतीही आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ताबा मिळाला की पहिला मोठा खर्च बहुतेक घरांत स्वयंपाकघरावर होतो आणि तो साधारण एकाच वाटेनं जातो. शोरूममधून कोणी येऊन भिंती मोजतं, दोन-चार दिवसांत थ्रीडी चित्र येतं, सनमायकाचा रंग ठरतो, ॲडव्हान्स जातो. त्या चित्रात भिंतीची लांबी अचूक असते. पण तुमची परात किती इंची आहे, महिन्याला गहू किती लागतात, गौरी-गणपतीची मोठी पातेली कुठे राहतात, यातलं काहीच त्यात नसतं. राहायला गेल्यावर ओट्यावर डब्यांची रांग लागते आणि खालची एखादी ट्रॉली अर्धी रिकामी राहते, ती यामुळेच.

म्हणून आखणीची सुरुवात सामानापासून करावी असं मी आग्रहानं सांगते. कसोटी एकच ठेवा: रोज लागणारी वस्तू जिथे लागते तिथे उभं राहून, पुढचं काही न हलवता, एका हातानं बाहेर आली पाहिजे. ही कसोटी प्रत्येक खणाला लावली की किती कपाटं हवीत हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. पुढचं सगळं सात बाय नऊ किंवा आठ बाय दहा फुटांच्या, आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दिसणाऱ्या स्वयंपाकघरासाठी लिहिलं आहे.

१. सगळं सामान एकदा जमिनीवर

सध्याच्या घरातलं स्वयंपाकघर एखाद्या रविवारी पूर्ण रिकामं करा. लॉफ्टवरचंही खाली काढा. हॉलमध्ये जुनी चादर अंथरा आणि सामानाचे ढीग लावा: रोज लागणारं, आठवड्या-पंधरवड्यातून लागणारं, सणावारालाच लागणारं आणि वर्षभरात हात न लागलेलं. शेवटचा ढीग नव्या घरात न्यायचा की नाही, हे कपाटं बनण्याआधी ठरवा. नको असलेल्या भांड्यांसाठी चौरस फुटाचा भाव मोजून कपाट करून घेण्यात काहीच अर्थ नाही. आईच्या हातची पितळी भांडी मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. पण त्यांची जागा लॉफ्टवर, हे तरी आत्ताच ठरू द्या.

मग टेप घ्या आणि पाच मापं लिहून काढा. सगळ्यात मोठ्या ताटाचा व्यास. परातीचा व्यास. रोजच्या कुकरची झाकणासकट उंची. सगळ्यात उंच डब्याची उंची. आणि मोठं भांडं लावलेल्या मिक्सरची उंची. नव्या स्वयंपाकघरात अडचण येते ती बहुतेक वेळा या पाचांपैकी एका मापामुळे.

किराण्याचाही हिशोब मांडा. तांदूळ, गहू आणि डाळी एका लिटरच्या डब्यात साधारण पाऊण किलो ते ८५० ग्रॅम मावतात. म्हणजे १० किलो तांदळाला १२ ते १३ लिटरचा डबा लागतो. कणीक हलकी असते, त्यामुळे ५ किलो कणकेला ९-१० लिटरची जागा धरावी. मीठ उलट जड, लिटरला किलोहून जास्त. तुमच्या घरी दर आठवड्याला ऑनलाइन किराणा येतो, की तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून नाहीतर जांभळी नाक्यावरून महिन्याचा किंवा वर्षाचा माल येतो, यावर ही जागा दुपटी-तिपटीनं बदलते. शेजारच्यांचं स्वयंपाकघर बघून तसंच करून घेऊ नये, त्याचं मोठं कारण हेच.

२. जे हलणार नाही ते नकाशावर

कागदावर स्वयंपाकघराचा आराखडा काढा आणि त्यात खिडकी, दार कुठे उघडतं ते, बीम, कॉलम, सांडपाण्याचा पाइप, नळाचे पॉइंट आणि गॅसची लाइन दाखवा. सिंक आहे तिथेच ठेवलेलं बरं. लांब नेलं तर पाइपला उतार मिळत नाही, पाणी तुंबतं, आणि गळती झाली की खालच्या मजल्यावरच्या घरात पोचते.

गॅसबद्दल दोन शब्द नीट वाचा. ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक सोसायट्यांत महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे. नव्या टॉवरमध्ये ती बहुधा असते, काही ठिकाणी मात्र ताबा मिळाल्यावर बरेच महिने सिलिंडरवरच काढावे लागतात. दोन्ही गॅसचा स्वभाव वेगळा आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या शटरला तळाशी जाळी हवी. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून त्याची लाइन जाते त्या कपाटाला वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी. सध्या सिलिंडर आणि पुढे पाइप, असं असेल तर दोन्हीकडे जाळी ठेवा. मीटर आणि बंद करायचा व्हॉल्व्ह पेटीत चिणून टाकू नका. व्हॉल्व्हपर्यंत हात जायला समोरचे डबे काढावे लागत असतील, तर ती जागा चुकली. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडाचं वजन धरून तो ३० किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे त्याच्या कपाटाचा तळ प्लायचा न ठेवता सरळ फरशीच ठेवावी.

फ्रिजची जागा ठरवताना त्याच्या रुंदीबरोबर दार किती उघडतं तेही बघा. भिंतीला अगदी चिकटवून ठेवला तर दार काटकोनातच अडतं आणि आतला भाजीचा खण बाहेर येत नाही. भिंतीच्या बाजूला तीन-चार इंच सोडले की हा त्रास टळतो. बाजूंना आणि मागे हवा खेळायला किती जागा हवी ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

३. कामाप्रमाणे घोळके करा

आता जमिनीवरचं रोजचं सामान कामानुसार वेगळं करा. पोळ्यांचा घोळका म्हणजे कणकेचा डबा, परात, पोळपाट-लाटणं, तवा, चिमटा, तेल-तुपाचं भांडं, पोळ्यांचा डबा. हे सगळं एकाच जागी उभं राहून मिळायला हवं. फोडणीचा घोळका: मिसळणाचा डबा, तेल, मीठ, पळी, झारा, उलथनं, पक्कड. हा शेगडीच्या उजव्या हाताला, आणि घरात डावखुरं कोणी रोज स्वयंपाक करत असेल तर डावीकडे. चहाचा घोळका शक्यतो शेगडीच्या दुसऱ्या कडेला ठेवा. सकाळी एकजण डब्याची भाजी करत असताना दुसऱ्याला चहा टाकता यावा. चिरण्याचा घोळका सिंक आणि शेगडीच्या मधे: सुरी, विळी, किसणी, चाळणी, रोवळी.

स्वयंपाकघरातच देव्हारा असेल तर समया, वाती, तेल, काडेपेटी, हळद-कुंकू यांना एक उथळ खण हवा. शोरूमच्या आराखड्यात तो कधीच नसतो आणि मग हे सगळं मसाल्याच्या खणात जाऊन बसतं.

४. उंची घरातल्या माणसांची

ओट्याची उंची ठरवायला पुस्तकी आकडा लागत नाही. सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनं सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवावं, आणि कोपरापासून चार ते पाच इंच खाली ओट्याची वरची कड यावी. सव्वापाच फुटांच्या आतल्या बायकांना ही उंची ३४ इंचांच्या आसपास येते. उंच माणूस स्वयंपाक करत असेल तर ३६.

वरच्या फळ्यांसाठी हात वर करून बोटं कुठे टेकतात ते बघू नका. त्याला भुलूनच फळ्या फार वर जातात. दोन किलो साखरेचा भरलेला डबा घ्या, समोर दोन फूट खोल ओटा आहे असं धरून तेवढ्या अंतरावर उभ्या राहा आणि डबा कुठपर्यंत नीट ठेवता-काढता येतो, तिथे भिंतीवर पेन्सिलनं खूण करा. त्या खुणेच्या वर रोजचं काहीही जाणार नाही. घरात सासूबाई किंवा आई स्वयंपाक करत असतील तर खूण त्यांच्या हातानं करा, आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर सगळ्यात खालचा खणही रोजच्या वापरातून काढून टाका.

५. ओट्याखाली: खरी साठवण इथेच

ओट्याखालची जागा दोन फूट खोल असते. तिथे फळी आणि दारवालं कपाट केलं की पुढचा हातभर भाग वापरात राहतो आणि मागे काय आहे ते गुडघे टेकून बघावं लागतं. म्हणून सिंकखालचा भाग आणि कोपरा सोडून शक्य तिथे बाहेर येणाऱ्या ट्रॉल्याच करा. खर्च वाढतो, हे खरं. बजेट ताणलं गेलं असेल तर वरची कपाटं कमी करा किंवा पुढच्या वर्षावर ढकला, पण ट्रॉल्यांचा पैसा वाचवू नका.

हिशोब असा बसतो. ओटा ३४ इंच. खाली पाय आत जायला चार इंच सोडले, वर दगड आणि त्याखालची पट्टी मिळून दोन इंच गेले, उरले २८. यात तीन ट्रॉल्या बसतात: दर्शनी उंची साडेपाच, साडेआठ आणि १४ इंच. आतली वापराची उंची प्रत्येकी दीड-दोन इंचांनी कमी मिळते. वरची चमचे, पळ्या, लाटणं, चाळणीसाठी. मधली वाट्या, ताटल्या, छोटे डबे, मिसळणाचा डबा यांच्यासाठी. खालची कुकर, कढया, पातेली यांच्यासाठी. तुमच्या कुकरची उंची आधी लिहून ठेवली आहे, ती इथे पडताळून बघा. काही ठिकाणी तिन्ही ट्रॉल्या सारख्या उंचीच्या देतात कारण शटरच्या रेषा चित्रात छान दिसतात. तसं केलं तर चमच्यांच्या वर अर्धा फूट हवा राहते आणि कुकर मात्र कुठेच बसत नाही.

ट्रॉल्यांची नावंही ऐकून घ्या: कटलरी, कप-सॉसर, थाळी, प्लेन. ही नावं ज्या काळातल्या भांड्यांवरून पडली, ती भांडी आज घराघरांत असतातच असं नाही. कप-बश्यांची तारांची घडण घेण्याआधी घरात बश्या किती वापरल्या जातात ते आठवा. चहा-कॉफीचे मग आणि ग्लास असतील तर साधी, सपाट तळाची ट्रॉली जास्त कामाची. थाळी ट्रॉलीतली ताटं उभी राहतात, म्हणून तिथे ताटाचा व्यास आणि ट्रॉलीची उंची जुळवून बघावी लागते.

शेगडीखालची जागा फसवी असते. ओट्यात बसवलेली हॉब घेणार असाल तर तिचा पत्रा आणि नळी दगडाखाली चार-पाच इंच उतरतात, म्हणजे वरची ट्रॉली तिथे होत नाही. चमच्यांची ट्रॉली शेगडीच्या बाजूच्या खणात न्या आणि शेगडीखाली कढया-पातेल्यांच्या दोन खोल ट्रॉल्या करा. शेगडीशेजारी तेलाच्या बाटल्यांचं अरुंद पुलआउट, म्हणजे ओढून बाहेर येणारा उभा खण, सगळे सुचवतात. सहा इंचाच्या पुलआउटमध्ये चौकट आणि चॅनल (ज्यावर खण सरकतो ती पट्टी) वजा जाता जेमतेम चार इंच उरतात. पाच लिटरचा तेलाचा कॅन त्यात बसत नाही. आठ इंच मिळत असतील तर करा, नाहीतर ती रुंदी शेजारच्या ट्रॉलीला द्या.

तवा, परात, पोळपाट, चाळणी, केकचा टिन या चपट्या वस्तूंसाठी एक उभी फट करून घ्या, चार ते सहा इंच रुंद, मधे एखादी पट्टी. परात १८ इंची असेल तर फटीची उंची १९ हवी. एवढी एक फट केली की मोठ्या ट्रॉलीतली निम्मी खडखड थांबते.

तारांची ट्रॉली की बंद तळाची, हा वाद नेहमी होतो. भांडी घासून किंचित ओली ठेवायची सवय असेल तर तारा बऱ्या, पाणी खाली निथळतं, वारा लागतो. डबे, वाट्या, कोरडं सामान यांना बंद तळ बरा, कारण तारांवर छोटे डबे कलंडतात आणि तारांच्या सांध्यांत तेलकट थर साचतो. मी दोन्ही मिसळून वापरायला सांगते. स्टील मात्र ३०४ ग्रेडचंच घ्या. खाडीजवळच्या दमट हवेत २०२ ग्रेडला काही वर्षांत डाग पडायला लागतात. लोहचुंबक लावून ही परीक्षा होत नाही, कारण चुंबक दोन्हींना धड चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

चॅनल किती किलोचं, हेही विचारा. भांड्यांच्या रुंद ट्रॉलीला ४० ते ५० किलो वजन पेलणारं हवं, चमच्यांच्या ट्रॉलीला साधं चालतं. आणि ट्रॉली पूर्ण बाहेर येणारी घ्या. तीन-चतुर्थांश बाहेर येणाऱ्या ट्रॉलीत मागचा पाव भाग पुन्हा अंधारातच राहतो. पूर्ण उघडलेली ट्रॉली साधारण २० इंच बाहेर येते. समोरासमोर दोन ओटे असतील आणि मधली वाट तीन फुटांची असेल, तर ट्रॉली उघडल्यावर उभं राहायला १६ इंच उरतात. तिथे वाट साडेतीन ते चार फूट ठेवा, त्यासाठी एका बाजूचा ओटा अरुंद करावा लागला तरी चालेल.

एल आकाराच्या ओट्याचा कोपरा सगळ्यांना छळतो. कोपऱ्यासाठी मिळणाऱ्या फिरत्या ट्रॉल्या महाग असतात आणि गोल असल्यामुळे कोपऱ्यातले कोपरे वायाच जातात. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या स्वयंपाकघरात त्यावर पैसे घालू नयेत. कोपऱ्याला साधं दार ठेवा आणि आत सणाचं पातेलं, घावनांचा बिडाचा तवा, जास्तीचा कुकर असं महिन्यातून एकदा लागणारं सामान ठेवा.

सिंकखाली पाइप, सायफन आणि शक्य तिथे प्युरिफायरची जोडणी असते. उरलेल्या जागेत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन वेगळे डबे बसवा. दोन्ही महापालिकांना कचरा वेगळा करूनच द्यावा लागतो, आणि दुसऱ्या डब्याला जागा नसली की तो पायात येतो. साबण, घासण्या तिथेच. कांदे-बटाटे मात्र तिथे अजिबात नकोत, दमटपणानं बटाट्यांना कोंब येतात. त्यांना हवेशीर तारेची ट्रॉली द्या आणि कांदे आणि बटाटे एकमेकांपासून वेगळे ठेवा.

६. वरची कपाटं आणि लॉफ्ट

वरचं कपाट १२ इंच खोल करायची पद्धत आहे. प्लायची जाडी वजा जाता आत ११ इंच आणि थोडं मिळतं. तुमचं जेवणाचं ताट साडेअकरा किंवा १२ इंचांचं असेल तर दार लागणार नाही. मग एक तर कपाट १४ इंच करा, किंवा ताटं खाली आणा. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत २० ते २२ इंच मोकळे ठेवतात. मिक्सरचं माप तिथेही पडताळा, झाकण उघडायला वर हात जायला हवा.

वर हलकं आणि उथळ सामान ठेवा: चहा-साखरेचे डबे, खाऊचे डबे, काचेची भांडी, पोहे, पापड. एका फळीवर डब्यांची एकच रांग बसेल इतकीच खोली हवी. दोन रांगा झाल्या की मागच्या डब्यातल्या रव्यात किडे झालेले कळतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. फळ्या वर-खाली करता येतील अशी भोकं ठेवून घ्या, कारण डबे बदलतात.

लॉफ्ट खोल असला तरी हरकत नाही, तिथे वर्षातून दोनदाच हात जातो. मोदकपात्र, सोऱ्या, चकलीचे साचे, मोठी पातेली, जास्तीची ताटं. लॉफ्टचे दोन भाग करून एका भागात गणपती-गौरीचं आणि दुसऱ्यात दिवाळीच्या फराळाचं ठेवलं तर एकासाठी दुसरं उतरवावं लागत नाही. स्टुलावर उभं राहून काढायच्या कोणत्याही वस्तूचं वजन चार-पाच किलोंच्या वर नको.

७. धान्य, मसाला आणि सुकं

गहू-तांदळाचे मोठे डबे जमिनीलगत, कमरेच्या खाली. जड सामान वर गेलं की बिजागऱ्याही वाकतात आणि पाठही. जागा असेल तर फ्रिजच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत एक उंच कपाट करा, पण फक्त १२ ते १५ इंच खोल आणि साध्या फळ्यांचं. ओढून बाहेर काढायचं उंच पॅन्ट्री युनिट दिसतं देखणं, मात्र सगळं वजन एका चौकटीवर येतं आणि किंमत ट्रॉल्यांच्या कितीतरी पट. उथळ फळ्यांवर सगळे डबे एका नजरेत दिसतात, तेवढं पुरेसं आहे. सगळ्यात खालच्या खणाला फळीच नको. तिथे चाकांच्या पाटावर धान्याचे डबे ठेवले की वाकून उचलायला लागत नाहीत, ओढून घेता येतात.

आपल्या भागात वर्षाच्या मसाल्याचं वेगळं गणित आहे. आगरी-कोळी घरांत उन्हाळ्यात मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कांडून आणतात, तोही बऱ्याचदा लेकीबाळींच्या घरांसह. पाच-सात किलो मसाला लहान-लहान बरण्यांत भरून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवला की रंग आणि वास टिकतो. शेगडीच्या वरचं, चिमणीलगतचं कपाट हे मसाल्याला सगळ्यात वाईट ठिकाण, तिथे सतत उष्णता आणि वाफ. सुकट, बोंबील, जवळा यांना घट्ट झाकणाचा वेगळा डबा आणि शक्यतो ड्राय बाल्कनीकडच्या बाजूचा वेगळा खण द्या. कोकम, आंबोशी, लोणची चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरण्यांत असतात. या बरण्या उंच आणि जड, म्हणून त्यांची उंची मोजून खालचा एक खण त्यांच्यासाठी धरा. पापड-कुरडया-सांडग्यांचे डबे मोठे पण हलके, ते वर.

पाणी बंद राहणार अशी सूचना येते तेव्हा पिंप किंवा हंडे कुठे ठेवता, तेही आखणीत लिहा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी दीड फुटाची मोकळी फरशी सोडली तर पाणी स्वयंपाकघराच्या वाटेत येत नाही.

८. पावसाळा डोळ्यासमोर ठेवून साहित्य

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती चार महिने ओल धरतात. अशा भिंतीवर धान्याचं कपाट नको. पर्याय नसेल तर कपाटाची पाठ भिंतीपासून अर्धा-एक इंच सुटी ठेवा आणि पाठीला सनमायका दोन्ही बाजूंनी लावून घ्या. आधी भिंतीची ओल दुरुस्त करा. कपाट बसवल्यावर ती दिसत नाही, पण आत बुरशी वाढते.

सिंकखाली आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय वापरा. बाकीच्या ठिकाणी आयएस ३०३ चं पाण्याला टिकणारं प्लाय पुरतं. पार्टिकल बोर्डाच्या कडेला पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही, म्हणून ओट्याखाली तो नकोच. प्लायच्या प्रत्येक शीटवर मानकाचा शिक्का असतो. माल आला की कापण्याआधी बघा. कापलेली एकही कड उघडी राहता कामा नये, पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडसुद्धा.

बजेट कमी असेल तर कडप्प्याचे उभे पार्टिशन असलेला जुन्या पद्धतीचा ओटा ठेवून त्यात फक्त ट्रॉल्या आणि शटर बसवा. कडप्पा पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. जाडीमुळे प्रत्येक खणात थोडी रुंदी जाते, एवढाच तोटा. सिंकखाली तर मी प्लायपेक्षा कडप्पाच पसंत करेन.

कपाटं फरशीवर टेकवू नका, चार इंची पायांवर उभी करा आणि खालची पट्टी काढता येईल अशी ठेवा. आत झाडता येतं, झुरळांचं औषध मारता येतं. भिंतीतून येणाऱ्या पाइपांभोवतीच्या फटी कपाट बसवण्याआधी बुजवून घ्या. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत चिकटवण उशिरा वाळतं, आणि पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला मापून बसवलेली शटर हिवाळ्यात फटी दाखवतात.

विजेचे पॉइंट कपाटांच्या आराखड्यानंतर ठरवा, आधी नाही. मिक्सर ओट्यावर कायम राहणार असेल तर त्याच्या मागे, ओट्याच्या वर एक फुटाच्या आसपास. ओव्हन, घरघंटी, एअर फ्रायर यांना १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. घरघंटी उचलून ठेवायची वस्तू नाही, तिला खाली स्वतःची कायमची जागा आणि पीठ झाडायला थोडी मोकळीक द्या.

९. खडूनं आखून एकदा स्वयंपाक करून बघा

नवं घर रिकामं असतानाच फरशीवर खडूनं ओटा, फ्रिज आणि उघडलेल्या ट्रॉल्या आखा. मग घरातल्या दोघांनी एकत्र उभं राहून नेहमीच्या सकाळचा सराव करावा: चहा, पोळ्या, भाजी, डबे भरणं. कुठे एकमेकांना धक्का लागतो, कुठे पाठ फिरवून चार पावलं जावं लागतं, ते लगेच कळतं. पुसून पुन्हा आखायला काही खर्च नाही.

त्याच वेळी आराखड्यातल्या प्रत्येक चौकोनात तिथे काय राहणार ते लिहा, अगदी "पोळपाट, तवा" इतकं. ज्या खणाला नाव सुचत नाही तो खण काढून टाका. आणि जे सामान यादीत आहे पण कुठल्याच चौकोनात नाही, त्याला आत्ताच जागा द्या. एक खण मात्र मुद्दाम रिकामा सोडा. घरात नवं काही येतच राहतं.

हा नावं लिहिलेला कागदच सुताराला किंवा शोरूमला द्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. प्लायचं मानक, स्टीलचा ग्रेड, चॅनलचं वजन, प्रत्येक ट्रॉलीची आतली उंची, बिजागऱ्या आणि चॅनलची वॉरंटी हे सगळं त्यातच लिहा. शेवटचा हप्ता देण्याआधी तुमची परात, ताट, कुकर आणि मिक्सर प्रत्यक्ष घेऊन जा आणि आपापल्या जागी ठेवून बघा. शटर लागतं का, ट्रॉली अडते का, सिंकखालच्या व्हॉल्व्हला हात पोचतो का. हे जमलं की मगच पैसे.

आतल्या खुंट्या, झाकणांचे रॅक, दाराच्या आतल्या जाळ्या हे सगळं पहिल्या दिवशी बसवू नका. महिनाभर स्वयंपाक करा, हात कुठे वळतो ते बघा, आणि मग हवं तिथे भोक पाडा. लॉफ्टच्या शटरच्या आतल्या बाजूला कुठल्या कोपऱ्यात काय आहे त्याची यादी चिकटवा, म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री मोदकपात्रासाठी अख्खा लॉफ्ट खाली उतरवावा लागणार नाही.